सोमवारी पहाटे साडेपाचला सुरू होणारी गाडी

२०२५ ची दिवाळी होऊन आठवडा झाला होता. भाच्याचा फोन आला, "मामा, आईची भिशी लागली. आता गाडीचं मनावर घ्यायचं." भिशीचे दीड लाख आणि त्यानं साठवलेले एक लाख, असे अडीच लाख रुपये. कर्ज काढायचं नाही हे घरात आधीच ठरलं होतं आणि मलाही ते पटलं. जुन्या गाडीवरच्या कर्जाला नव्या गाडीच्या कर्जापेक्षा व्याज जास्त पडतं, आणि या घराला आणखी एक हप्ता पेलणारा नव्हता.

पुढचे पाच आठवडे आम्ही सोलापुरात गाडी शोधली. अकरा गाड्यांची माहिती काढली, सहा प्रत्यक्ष पाहिल्या, तीन मिस्त्रीला दाखवल्या आणि एक घेतली. त्या तीन गाड्यांची हकीकत इथे तपशिलात मांडतो आहे, कारण असंच ओझं घेऊन बाजारात उतरणारी घरं आपल्याकडे खूप आहेत.

घरची गरज

अक्का आणि दाजी विडी घरकुलात राहतात. दाजींचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी सहाच्या पाळीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचाराचा खर्च भागतो, पण दवाखान्यात पोहोचण्याचा खर्च कुठल्या योजनेत बसत नाही. पहाटे जाताना रिक्षाला अडीचशे, येताना दोनशे. शिवाय पहाटे रिक्षा मिळेलच याची खात्री नाही. सप्टेंबरच्या पावसात एकदा पाऊण तास रस्त्यावर उभं राहून दोघं परत घरी आले होते. डायलिसिस चुकलं की दुसऱ्या दिवशी दम लागतो, पाय सुजतात. त्या दिवसापासून अक्कानं गाडीचा विषय सोडला नाही.

भाचा चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे, म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाच्याही पलीकडे. येऊन-जाऊन पंचेचाळीसेक किलोमीटर. सोमवारी आणि गुरुवारी त्यानं दुसरी पाळी मागून घेतली आहे. पहाटे वडिलांना सोडायचं, चार तासांनी परत आणायचं आणि दुपारी कामावर जायचं. रात्री साडेअकराला तो हायवेनं परत येतो. शेजारचा एक सहकारी त्याच्यासोबत असतो आणि निम्मं पेट्रोल तो देतो. सगळं धरून महिन्याला साडेबाराशे किलोमीटर.

आम्ही आधी कुठलीच गाडी पाहिली नाही. अक्काच्या ओट्यावर बसून या घराला गाडीकडून नेमकं काय हवंय ते वहीत लिहिलं. माझ्या मते पाच आठवड्यांतलं सगळ्यात मोलाचं काम त्या संध्याकाळी झालं. पहाटे थंड इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं पाहिजे. एसी चालला पाहिजे, कारण डायलिसिसनंतर दाजींचा रक्तदाब उतरतो आणि मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत तापलेल्या पत्र्यात त्यांना बसवता येणार नाही. घडीची व्हीलचेअर डिकीत मावली पाहिजे. आणि सीट उंच हवी. या शेवटच्या गोष्टीकडे गाडी घेणारे फारसं लक्ष देत नाहीत. बसक्या गाडीत गुडघे दुखणारा माणूस बसताना कोसळतो आणि उतरताना दोघांनी ओढावा लागतो. वॅगनआरसारख्या उंच गाडीत तो खुर्चीवर टेकल्यासारखा बसतो. एवढं लिहून झालं तेव्हा निम्मा बाजार आपोआप बाद झाला होता.

डिझेलचा विचार आम्ही सोडला. धावणं तसं बरंच होतं, पण दहा वर्षांच्या डिझेल गाडीचा टर्बो किंवा इंजेक्टर गेला तर एका झटक्यात तीस-चाळीस हजार जातात आणि वाचवलेलं सगळं इंधन त्यात बुडतं. सीएनजी स्वस्त पडला असता, पण टाकी डिकीत आली की व्हीलचेअर कुठे ठेवायची? त्यातही बाहेरून बसवलेलं किट आरसीवर (नोंदणीपत्रावर) चढवलेलं नसेल, टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालेली नसेल, तर ती गाडी घेऊच नये. राहिली पेट्रोलची छोटी गाडी. त्यातही टायमिंग चेन (इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारी साखळी) असलेलं इंजिन मला हवं होतं. जुन्या सँट्रोसारख्या गाड्यांना त्या जागी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट असतो. तो ठरावीक किलोमीटरला बदलावा लागतो आणि आधीच्या मालकानं बदललाय की नाही हे बाहेरून दिसत नाही. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. वॅगनआरच्या ९९८ सीसीच्या के-टेन इंजिनाला आणि आय-टेनच्या १.२ कप्पा इंजिनाला चेन आहे.

पैशांचं आम्ही असं ठरवलं की अडीच लाखांतून गाडीला जास्तीत जास्त दोन लाख पाच हजार द्यायचे. उरलेले पंचेचाळीस हजार गाडी दारात आल्यावर तिच्यावरच खर्च करायचे. भाच्याला हे जड गेलं. "मामा, अडीचमध्ये अजून दोन वर्षं नवी गाडी येती की ओ." येते, खरंय. पण तिचेही टायर झिजलेले असतील, तिचाही क्लच कधीतरी जाईल, आणि तेव्हा खिशात काही नसेल. जुनी गाडी घेताना तिची पहिल्या तीन महिन्यांची दुरुस्ती किमतीतच धरायची असते. ती धरली नाही की माणूस टायर ढकलत राहतो, ऑइल लांबवतो आणि चांगली गाडी हातानं बिघडवतो.

पहिली गाडी

पहिली गाडी विजापूर रोडकडच्या एका विक्रेत्याकडे दिसली. २०१६ ची छोटी हॅचबॅक, मीटरवर एक्केचाळीस हजार, किंमत दोन लाख चाळीस. दिसायला इतकी देखणी की भाचा गाडीभोवती फिरतच राहिला. नवी सीट कव्हरं, काळंभोर चमकणारं इंजिन, आत अत्तराचा घमघमाट. "लई स्वच्छ ठेवलीया बघा मामा."

मला ती स्वच्छताच खटकली. नऊ वर्षांची गाडी, एक्केचाळीस हजार चाललेली, आणि इंजिनावर धुळीचा कण नाही? सोलापुरात? आपल्याकडे आठवडाभर झाकून ठेवलेल्या गाडीवरही धूळ बसते.

इथे सप्टेंबर २०२५ आठवावा लागेल. त्या महिन्याच्या अखेरीस सीनेला असा पूर आला की लांबोटीजवळ पुणे महामार्ग आणि वडकबाळजवळ विजयपूर महामार्ग बंद ठेवावा लागला. करमाळ्यापासून दक्षिण सोलापूरपर्यंत नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात होती. माणसांचं, जनावरांचं, पिकांचं जे झालं त्यापुढे गाड्यांचं काय घेऊन बसायचं. पण दारातल्या गाड्याही बुडाल्या, आणि अशा गाड्या धुऊनपुसून एक ना एक दिवस बाजारात येतात हेही खरं. दिवाळीनंतर आमच्याकडे गाडी घेणाऱ्यानं ही शंका मनात ठेवणं गरजेचं होतं.

आमचे मिस्त्री चाचा चाळीस वर्षं गाड्यांत हात घालतायत. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. रोज वापरतो तेवढा पट्टा स्वच्छ होता. गुंडाळीत आत राहणाऱ्या शेवटच्या हातभर भागावर तपकिरी रेघ होती, पाणी थांबल्याची. मग त्यांनी पुढची सीट मागे सरकवली. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले होते. दाराच्या उंबऱ्याची पट्टी उचलून गालिच्याखाली बोट घातलं, तर बोटाला बारीक काळपट गाळ लागला. डिकीत स्टेपनीखालच्या खळग्यात तोच गाळ कोपऱ्यात सुकून बसला होता. उजव्या हेडलाइटच्या आत वाफ धरली होती. एकूण सात-आठ मिनिटं लागली.

कोणत्या पाण्यातली होती ते आम्हाला कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. विक्रेता म्हणाला, धुताना पाणी गेलं असेल. आम्ही वाद घातला नाही.

बुडालेली गाडी पहिल्या महिन्यात कुरकुर करत नाही, आणि तेच सगळ्यात वाईट असतं. ती सुरू होते, पळते, एसीही गार करतो. गंज वायरिंगच्या जोडांत हळूहळू वाढतो. चार-सहा महिन्यांनी एके दिवशी काच खाली होत नाही, मग मीटर बंद पडतो, मग रस्त्यात इंजिन थांबतं आणि अर्ध्या तासानं आपोआप सुरू होतं. चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन गेलेलं असतं. एअरबॅगचं नियंत्रण करणारा डबा बहुतेक गाड्यांत गिअरजवळ खाली, जमिनीलगत असतो, आणि पाणी सगळ्यात आधी तिथेच पोहोचतं. गरज पडेल तेव्हा ती एअरबॅग उघडेल का, हे कोणी सांगू शकत नाही.

कागदातही एक खूण होती, ती मला घरी आल्यावर उमगली. गाडीचा विमा नुकताच काढलेला होता आणि फक्त थर्ड पार्टी. त्याआधीची पॉलिसी मागितली तेव्हा "हरवली" असं उत्तर मिळालं. आधीची पूर्ण विम्याची पॉलिसी हाती आली असती तर तिच्यावर नो क्लेम बोनसचा आकडा दिसला असता. क्लेम न केलेल्या वर्षांनुसार तो २०, २५, ३५, ४५ असा चढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर जातो, आणि क्लेम केला की शून्यावर येतो. म्हणजे पॉलिसीच्या त्या एका ओळीत गाडीची पाच वर्षांची तब्येत लिहिलेली असते. मीटर मागे फिरवता येतो. विमा कंपनीच्या कागदावरचा हा आकडा विकणाऱ्याच्या हातात नसतो.

दुसरी गाडी

दुसरी गाडी सोडताना मला खरंच वाईट वाटलं. भाच्याच्या कंपनीतल्या एकाची आय-टेन, २०११ ची, कप्पा इंजिन, किंमत फक्त एक लाख पंचेचाळीस हजार. चाचांनी ती अर्धा तास चालवली आणि उतरताना म्हणाले, "इंजिन एक नंबर है, आँख मिट के ले लो." पहाटे थंड सुरू करून पाहिली, धूर नाही. ऑइलचं झाकण उघडून चालू ठेवली, खालून हवा फुंकत नव्हती. क्लच हलका.

अडचण कागदात निघाली. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला तर मालक म्हणून तिसऱ्याच माणसाचं नाव. विकणारा म्हणाला, मी एकाकडून घेतली, टीटी फॉर्मवर (गाडी नावावर करण्याच्या अर्जावर) सह्या घेऊन ठेवल्यात, नावावर करायची राहिली. त्या माणसानं ती आणखी एकाकडून अशीच सहीवर घेतलेली होती. नोंदणीत जे मूळ मालक होते ते दोन वर्षांपूर्वी वारले होते. आणि आरसीवर एका बँकेचा बोजा अजून होता. कर्ज कधीच फिटलेलं असेल, पण बोजा उतरवणारा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र कोणाकडे नव्हतं.

भाचा म्हणाला, "एजंट करून देतो म्हणायलाय मामा. पंधरा हजार लागतील. तरी पंचेचाळीस हजार वाचायलेत."

मी त्याला काय सांगितलं ते इथे लिहितो, कारण स्वस्तातल्या गाड्यांत हा प्रकार फार चालतो. मालक वारले की विक्रीनंतर गाडी नावावर करायच्या नेहमीच्या फॉर्म २९-३० वर काम होत नाही. वारसांनी फॉर्म ३१ भरून आधी गाडी आपल्या नावावर करायची आणि मग विकायची. मेलेल्या माणसाची जुनी सही पुढे करणं ही बनावटगिरी आहे, एजंटनं केली तरी फायदा घेणारे आपणच असतो. दुसरं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. हे नियमापुरतं नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात स्पष्ट सांगितलं की गाडी कितीही हातांत फिरली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक. म्हणजे सहीवर गाडी विकणारा वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या अपघाताचं ओझं डोक्यावर घेऊन फिरतो. आणि घेणाऱ्याचं काय? गाडी ठोकली गेली तर दुरुस्तीचा विमा कोणाच्या नावावर मागणार?

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "पण मामा, चाचा आँख मिटून घे म्हणायलेत." चाचांचं बोलणं इंजिनापुरतं होतं आणि इंजिनापुरतं ते शंभर टक्के खरं होतं. विकणारा सहकारीही फसवणारा नव्हता, तोच त्या साखळीत अडकला होता. आम्ही त्याला म्हटलं, वारसांना गाठून नावावर करून आण, आम्ही महिनाभर थांबू. तो वारसांना भेटायला गेलाही. थोरला मुलगा पुण्याला, धाकट्याशी बोलणं नाही, काम पुढे सरकलं नाही. त्या गाडीसारखी किती तरी चांगली इंजिनं अशी कागदात अडकून गंजत असतील.

तिसरी गाडी

होटगी रोडला राहणारे एक गृहस्थ मुलाकडे पुण्याला कायमचे निघाले होते. त्यांची २०१४ ची वॅगनआर, नोव्हेंबरात नोंदलेली, एमएच-१३, पहिलाच मालक. मीटरवर एक लाख बारा हजार. डावं मागचं दार चेपून रंगवलेलं, बाकीच्या रंगाशी जुळत नव्हतं. सीट कव्हरं विटलेली. किंमत दोन लाख पस्तीस. भाच्याचा चेहरा उतरला. एक लाख बारा हजार हा आकडा ऐकून अक्काही म्हणाली, "लई पळलीया रे."

अकरा वर्षांत एक लाख बारा हजार म्हणजे वर्षाला दहा हजार. संसारी गाडीचं हे साधं, पटणारं धावणं आहे. पटतंय ते खरं मानायचं की नाही हे मात्र कागदांनी ठरवायचं होतं. काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून बिलं काढली. ऐंशी हजारांपर्यंत कंपनीच्या वर्कशॉपची, नंतर गल्लीतल्या गॅरेजची. हातानं लिहिलेल्या बिलांवरही किलोमीटर टाकलेले होते आणि आकडे क्रमानं चढत होते. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस ५० टक्के. मग चेपलेल्या दाराचं काय? "फाटकाला घासलं होतं, क्लेम नाही केला, बोनस गेला असता," काका म्हणाले. हिशेब लागला.

आम्ही त्यांना एकच विनंती केली होती की सकाळी गाडी सुरू करू नका. साडेसहाला गेलो. मी बॉनेटवर हात ठेवला, पत्रा गार. पहिल्या चावीला सुरू झाली. गाडी विकणारा माणूस ती आधी तापवून ठेवतो, कारण थंड इंजिनाचे दोष गरम इंजिनात लपतात, म्हणून ही तपासणी आमच्या दृष्टीनं बाकी सगळ्यांपेक्षा वर होती.

कूलंटच्या डब्यात मात्र हिरवं पाणी नव्हतं, गढूळ तांबूस होतं. काकांनी शेवटची दोन वर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं. आपल्याकडे हे सर्रास चालतं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार किटलीत बसतात तसे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. डिसेंबरात काही जाणवत नाही, एप्रिलमध्ये एसी लावून सिग्नलला थांबलं की इंजिन तापतं, आणि तापलेलं इंजिन तसंच चालवलं तर हेड गॅस्केट जातं. म्हणून चाचांनी दुपारी दोन वाजता गाडी पुन्हा मागवली. उन्हात उभी केली, चौघं आत बसलो, एसी पूर्ण, वीस मिनिटं. रेडिएटरचा पंखा चालू होत होता, बंद होत होता. तापमान चढून राहिलं नाही. म्हणजे नळ्या अजून मोकळ्या होत्या. आत धुऊन नवं कूलंट भरलं की भागणार होतं.

टायरवरचे चार आकडे वाचले: २८१८. अठ्ठाविसावा आठवडा, २०१८. नक्षी बरी होती, पण बाजूच्या रबराला बारीक चिरा होत्या. सात वर्षांचं रबर घेऊन कोणी उन्हाळ्यात रात्री हायवेला जाऊ नये. क्लच वर धरत होता, म्हणजे झिजत आला होता. पुढच्या लोअर आर्मच्या बुशा (चाकाच्या सांध्यातले रबरी तुकडे) खड्ड्यात खडखडत होत्या. चासी नंबर आरसीशी जुळला, स्कॅनरला काही सापडलं नाही.

शेवटी दाजींना बोलावलं. ते स्वतःहून बसले, स्वतःहून उतरले. व्हीलचेअर मागची सीट न पाडता डिकीत गेली, तिरकी करून. दाजी एवढंच म्हणाले, "ही चालतीय." अकरा गाड्यांच्या शोधात त्यांचा हा पहिला शब्द होता.

सौदा आणि कागद

सौद्यात दोन गोष्टी कामाला आल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला होता आणि वरचा सेसही गेला होता. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरणारच, पण बरेच विकणारे अजून दिवाळीआधीचे आकडे धरून बसले होते. हे सौम्यपणे सांगितल्यावर काका दोन पंधरावर आले. मग चाचांनी लिहून दिलेली कामांची यादी समोर ठेवली: टायर, क्लच, बुशा, कूलंट. गाडीला नावं ठेवली नाहीत, खर्च दाखवला. दोन लाख दोन हजारांवर बसलं.

पाच हजार इसार यूपीआयनं दिला आणि साध्या कागदावर लिहून घेतलं की बाकीचे पैसे तीन गोष्टी झाल्यावर. थकलेले ई-चलन काकांनी भरायचे (वेगाचे दोन होते), हायसिक्युरिटी नंबरप्लेट त्यांनी बसवून द्यायची (१ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती लागते आणि या गाडीला नव्हती), आणि फॉर्म २९ व ३० वर आमच्यासमोर सह्या. दहा दिवसांत तिन्ही झालं. त्यांचा फास्टॅग त्यांनी बंद केला, आम्ही नवा घेतला.

विम्याबाबत मात्र बहुतेक जण चुकतात. गाडी नावावर झाली की थर्ड पार्टी संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. आणि नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. काकांचा ५० टक्के बोनस काकांसोबत पुण्याला गेला, फरकाचे पैसे आम्ही भरले. मार्चमध्ये नूतनीकरण आहे. हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता वर्षाला २,०९४ रुपये अधिक कर आहे, पण आम्ही पूर्ण विमाच चालू ठेवणार आहोत. पुराचं पाणी दारापर्यंत येऊ शकतं हे २०२५ मध्ये पाहिलंय.

नोंदणीची पंधरा वर्षं नोव्हेंबर २०२९ ला संपतात. तेव्हा पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर भरून गाडी पुढे चालवता येईल किंवा विकता येईल. तोवर चार वर्षं हातात आहेत, आणि दोन लाखांच्या गाडीकडून चार वर्षं नीट मिळाली तर या घराला तेवढं पुरेल.

आजपर्यंत

गाडी दारात आल्यावर पहिल्याच आठवड्यात चार टायर १४,२००, क्लच ७,४००, बुशा आणि लिंक रॉड ४,३००, ऑइल-फिल्टर-प्लग ३,१००, रेडिएटर धुणं, पाइप आणि कूलंट २,६००, एसीची सफाई आणि गॅस २,२००. नावावर करणं आणि विम्याचा फरक मिळून २,७००. एकूण ३६,५००. दोन लाख अडतीस हजार पाचशेत काम झालं आणि साडेअकरा हजार उरले. दार तसंच आहे. रंगवायचं नाही, असं अक्कानंच ठरवलं.

१ डिसेंबर २०२५, सोमवार, ही पहिली फेरी. भाचा वहीत प्रत्येक टाकीची नोंद ठेवतो. आज १२ फेब्रुवारीपर्यंत ३,०५० किलोमीटर आणि १८६ लिटर पेट्रोल, म्हणजे लिटरला साडेसोळाच्या जवळपास. संक्रांतीला दाजींना गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची रोषणाई दाखवून आणली, काच खाली करून, गाडीत बसूनच.

डायलिसिसच्या बावीस फेऱ्या झाल्या. त्यांतली एक रिक्षानं करावी लागली. जानेवारीतल्या एका गुरुवारी पहाटे बॅटरी गेली. चाचांनी आणि मी ती पाहिली होती, पण दुपारी दोनच्या उन्हात, वीस मिनिटं गाडी चालू ठेवल्यानंतर. तेव्हा ती चांगलीच दिसणार होती. पहाटेच्या वेळी गाडी पहिल्या चावीला सुरू झाली म्हणून बॅटरीचं वय बघायचं माझ्याकडून राहिलं. तिच्यावर तारीख छापलेली होती, चार वर्षं उलटली होती. नवी ४,३०० ला आली. तो गुरुवार दाजींना थंडीत रस्त्यावर काढावा लागला याची मला अजून रुखरुख आहे.

आता ७,२०० शिल्लक आहेत आणि ते अक्कानं वेगळ्या डब्यात ठेवलेत, गाडीचे म्हणून. मार्चच्या पहिल्या आठवड्यात चाचा कूलंट पुन्हा बघणार आहेत, दुपारी, चौघं आत बसून, एसी लावून. डिकीत कूलंटची एक बाटली ठेवली आहे आणि तिच्यावर भाच्यानं मार्करनं लिहिलंय: बोअरचं पाणी घालू नये.